ओहायोला गेलेल्या मुलास

इंदूर, रविवार

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, तो म्हातारा ऑपरेटर मशीन नीट दाखवतो, पण कामापलीकडे चकार शब्द काढत नाही. का काढेल रे? तीच मशीनची लाइन तिथून उचलून, खोक्यांत भरून आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात यायची आणि ती चालवायला त्यानेच तुला शिकवायचं!

यात तुझा दोष नाही, मान्य. अमेरिकेत 2000 साली कारखान्यांत 1 कोटी 70 लाखांवर माणसं होती, 2010 मध्ये 1 कोटी 15 लाखांच्या आसपास उरली. त्यातल्या किती नोकऱ्या चीनने नेल्या (तो 2001 च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला), किती यंत्रांनी आणि किती मंदीने, यावर विद्वान भांडत बसोत. कारण कळलं म्हणून कुणाचा पगार सुरू होत नाही.

तुझ्या आजोबांची मिल परदेशी गेली नाही, जागच्या जागी बसली. पुढचं मात्र सगळं मी पाहिलंय. हाजिरी कार्ड, ग्रॅच्युइटीचा हिशेब, कोर्टाचे कागद दुधाच्या पिशवीत घालून ते युनियनच्या सभेला जायचे. पावसात स्वतः चिंब, पिशवी शर्टाच्या आत. पैसे आले तेव्हा सही आजीने केली. आपलीच एकट्याची गोष्ट नाही ही. इथली हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, कामगार 5,895. त्यांच्या देण्याचे 224 कोटी निघाले 25 डिसेंबर 2023 ला! कारखाना बंद पडला तरी माणूस कसाबसा उभा राहतो, घेणं अडकलं की खचतो.

तेव्हा त्याला सॉरी म्हणत बसू नकोस, आणि ‘इंडियात आता खूप काम आहे’ हेही ऐकवू नकोस. डबा घेऊन त्याच्या टेबलावर बस. विचारल्याशिवाय व्हिडिओ काढू नकोस. मशीनचा आवाज बदलला की काय बिघडलंय हे तो ओळखतो म्हणालास ना? ते त्याने सांगितलं, तर मॅन्युअलमध्ये त्याच्या नावानिशी लिही. साहेबाला खटकलं तर खटकू दे. तिकडे बऱ्याच जणांचा आरोग्य विमा नोकरीलाच बांधलेला असतो. त्याचं पुढे काय, हे मोकळा झाला तर विचार. खोदून नको.

आणि पिथमपूरही कुणी आपल्याला आंदण दिलेलं नाही. उद्या व्हिएतनाम स्वस्त पडलं की हीच खोकी पुन्हा बांधतील. तुझ्या पीएफमध्ये कंपनीचा हिस्सा दर महिन्याला जमा होतोय का, आज रात्रीच बघ आणि मला स्क्रीनशॉट पाठव.

तुझी,
आई