‘कायमची’ हा शब्द काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘एक ऑपरेशन आणि मधुमेहापासून कायमची सुटका’ असा मथळा वाचला. शेजारी एकाच बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. मी २०१६ साली गॅस्ट्रिक बायपास हे जठराचं ऑपरेशन करून घेतलं. त्याआधी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची सवय अजून सुटलेली नाही.

ऑपरेशनने मला फायदा झाला नाही, असं मुळीच नाही. तेव्हा वजन ९२ किलो होतं आणि इन्सुलिन दिवसाला ६० युनिट. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा उपाशीपोटीची साखर ११८ होती, तीही इन्सुलिनशिवाय. वजन मात्र जेमतेम दीड किलो उतरलं होतं. म्हणजे साखर काही बारीक झाल्यामुळे उतरली नव्हती. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. अन्न तिथे लवकर पोचतं, जीएलपी-१ नावाचं संप्रेरक जास्त स्रवतं आणि स्वादुपिंड जागं होतं. हल्ली जिचा बोलबाला आहे ती साखर आणि वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची सुई याच संप्रेरकाची नक्कल करते. शिवाय पहिले काही दिवस पोटात अन्नही फारसं जात नाही. लेखात यातलं काहीच नाही, कंबरेचे इंच तेवढे आहेत.

पण ज्या वाटेने अन्न जायचं बंद झालं, तिथेच लोह आणि कॅल्शियम सर्वांत चांगलं शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारं जठरातलं द्रव्यही अन्नाला नीट भेटत नाही. दोन वर्षं मी गोळ्या घेतल्या, मग ‘आता बरी आहे’ म्हणून सोडल्या. २०२० मध्ये तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. साखरेमुळेच असतील, असं मीही म्हटलं आणि गावातल्या डॉक्टरांनीही. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८ आणि बी-१२ तळाला! ‘पूरक औषधे आजन्म’ ही ओळ डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावर बारीक इंग्रजीत होती. दवाखान्यात ती कुणी वाचून दाखवली नाही. विज्ञानाच्या बाईंनीही वाचली नाही, हेही कबूल करते.

साखरेचं म्हणाल तर सातव्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, पुन्हा ६.९ वर गेलं आणि एक गोळी सुरू झाली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर बायपास केलेल्यांपैकी २९ टक्के लोक ६ किंवा त्याखाली होते, नुसत्या औषधांवरचे ५ टक्के. फरक मोठाच आहे. पण २९ म्हणजे १०० नव्हे.

आणखी एक, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांसाठी. या ऑपरेशनमुळे दोन जिलब्यांनीही मला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि मांडवातच आडवं व्हावं लागतं. तेव्हा ‘एवढीशी खा हो बाई’ म्हणणं कृपया थांबवा.

पुरवणीतल्या ताईंचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झालेत, असं लेखातच आहे. त्यांचा तिसरा फोटो पाच वर्षांनी छापा, आणि शेजारी बी-१२चा रिपोर्ट.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड