साय कुठून येणार?

संपादक महोदय,
आमच्या महाल भागातल्या घरी आजी गवळ्याकडून म्हशीचं दूध घ्यायची, साय साठवून दही, लोणी, तूप सगळं घरीच, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ताक तर दिवसभर चालायचं. आईच्या काळात पिशवीतलं दूध आलं. आता मुलं दुधाला नाक मुरडतात पण पनीर, चीज, आइस्क्रीम रोज पाहिजे. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5, मग जाड साय कुठून येणार? शिवाय फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल असतं, ते आइस्क्रीम समजून घेऊ नका, पाकीट वाचा ना. शाळांच्या कॅन्टीनमध्ये मार्चपासून तरी कोल्ड्रिंक बंद करून ताक ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.
— एक गृहिणी, महाल, नागपूर