एकदा डेंग्यू झाला म्हणून निर्धास्त राहू नका

महोदय,
‘मला मागे डेंग्यू होऊन गेलाय, आता काय होतंय!’ असे आमच्या वडगाव-शहापूर भागात धडधाकट माणसे छातीठोकपणे सांगतात. हा समज जिवावर बेतू शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे 4 प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, बाकीच्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर आधीच्या लागणीवेळी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) कधी कधी विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार बळावतो. तालमीत कमावलेले शरीरही याला अपवाद नाही. त्यात अनेकांना लागण होऊनही लक्षणेच दिसत नाहीत, म्हणजे आपली ही कितवी वेळ हे कळायलाही मार्ग नसतो.

ताप उतरताना पोटात जोरात दुखले, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तडक दवाखाना गाठावा. नळाला रोज पाणी नसल्याने घरोघरी बॅरल भरलेले असतात. ते आठवड्याला नुसते रिकामे न करता आतून घासावेत. कडेला चिकटलेली डासांची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तगतात. आरोग्य खात्याने याची पत्रके सीमाभागात मराठीतूनही वाटावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव