हेलसिंकीहून बाबांना
ति. बाबा आणि आई, सा. न.

रविवारी तुमच्याकडची रेंज गेली आणि विषय अर्धाच राहिला, म्हणून लिहून काढतोय. बाबा तुम्ही म्हणालात युक्रेनने थोडी जमीन सोडावी आणि मिटवून टाकावं, माणसं तरी मरायची थांबतील. मलाही ते बघवत नाही. पण आपल्या खालच्या कुणग्याचा बांध आठवा ना, पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी हातभर सरकवला, तुम्ही म्हणालात जाऊदे भावकी आहे, चार माणसांसमोर त्यांनी शब्द दिलाय, पुढच्या पावसाळ्यात परत हातभर आणि मग थेट हापूसच्या कलमापर्यंत आले.

युक्रेनचं तसंच झालं. सोव्हिएत युनियन फुटल्यावर जगातला तिसरा मोठा अण्वस्त्रांचा साठा त्यांच्या जमिनीवर होता. 1994 ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका, ब्रिटनने सह्या करून सांगितलं की तुमच्या सीमा आम्हाला मान्य, आणि 1996 पर्यंत सगळी अण्वस्त्रं रशियाला गेली. पण सीमा मोडली तर कोण येऊन लढणार हे त्या कागदात कुठेच नव्हतं! 2014 ला रशियाने त्यांचा क्रिमिया घेतला, मग मिन्स्कला दोनदा युद्धबंदीचे करार, आणि 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचे रणगाडे राजधानी कीव्हच्या दिशेने.

इथे फिनलंडची रशियाशी 1340 किलोमीटर सीमा आहे. शनिवारी मी पोरीला पोहायला नेतो तो इतॅकेस्कुसचा तलाव खडकाच्या पोटात आहे, वेळ आली तर 3800 माणसं तिथे आसरा घेऊ शकतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा पोरगी पाण्यात खिदळत होती आणि मी नुसता छताकडे बघत होतो. या लोकांनी 1939-40 ला सोव्हिएत युनियनशी 105 दिवस लढून देश वाचवला, तरी दहावा हिस्सा जमीन गेलीच. नंतर कित्येक वर्षं मॉस्कोशी बोलणं ठेवलं, व्यापार केला, पण पोरांची सक्तीची लष्करी सेवाही ठेवली. 2022 नंतर एकट्याने भागणार नाही हे कळलं, एप्रिल 2023 ला अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत, नाटोत गेले.

बोलून काही होत नाही असं मी म्हणत नाहीये हां बाबा. कैद्यांची अदलाबदल लढाई चालू असताना होते, कुणाचा तरी मुलगा घरी येतो. जुलै 2022 ला तुर्कस्तान आणि युनोने मध्ये पडून काळ्या समुद्रातून धान्याची जहाजं सोडवली, वर्षभरात 3 कोटी टनांच्या वर धान्य बाहेर गेलं. पुढच्या जुलैत रशियाने अंग काढून घेतलं, तरी थोड्या दिवसांत जहाजं परत सुरू झाली, कारण तोवर युक्रेनने त्यांच्या आरमाराला त्या पट्ट्यातून मागे रेटलं होतं. समुद्राकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही पण शेवटी सरकारी मोजणी आणून चिऱ्याचा गडगा घातलात, त्यानंतरच त्यांच्याशी नीट बोलणं सुरू झालं ना, आता गणपतीत येतात, आरतीला उभे राहतात.

आई म्हणत होती कोपऱ्यातला गडगा यंदाच्या पावसात ढासळलाय. गड्यांची मजुरी मी पाठवतो, भातकापणीच्या आधी लावून घ्या.

तुमचा,
बाळा