आधी मूठ उघडून पाहा, मग धारेचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवजयंती जवळ आली की आमच्या इंदिरानगरच्या घराची बेल वाजायला लागते. जुन्या चादरीत गुंडाळलेली तलवार घेऊन दोन-तीन मुलं दारात उभी असतात. "काका, हिला जरा धार लावून द्या ना." अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूल रूममध्ये मी ३१ वर्षं ग्राइंडिंगचं काम केलं. निवृत्तीनंतर मर्दानी खेळाच्या पथकांचे दांडपट्टे, तलवारी दुरुस्त करून देतो. परिसरात हे ठाऊक आहे, म्हणून मुलं येतात. यंदा बहुतेकांना मी तसंच परत पाठवलं. काही जण नाराज झाले. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना कारण कळावं म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळाची तलवार मी घासून दिली. पितळी मूठ, आरशासारखं चकचकीत पातं, लाल मखमली म्यान. भेट द्यायला घेतात तसली. चौथ्या दिवशी सरावात हात फिरवताना पातं सुटलं. मूठ खेळणाऱ्याच्या हातातच राहिली आणि पातं आठ-दहा फुटांवर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या नडगीत घुसलं. नऊ टाके पडले. मुलगा आता बरा आहे, धावतो, क्रिकेट खेळतो. पण ती धार माझ्या हातची होती. बोथट पातं लागलं असतं तर कदाचित मुका मार बसून भागलं असतं, हा विचार अजून रात्री जागा करतो.

ती मूठ मी मागून आणली आणि व्हाइसमध्ये धरून उभी कापली. आत पेन्सिलीएवढ्या जाडीचा आटे पाडलेला गज होता, पात्याच्या बुडाला वेल्डिंगचा एक टिपका मारून चिकटवलेला आणि वरून नट आवळलेला. तुटला होता तो नेमका टिपक्याशी. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून काळा पडलेला, उरलेला अर्धा ताजा, चंदेरी. म्हणजे तडा आधीपासूनच होता आणि अर्ध्या धातूच्या जिवावर ती तलवार फिरत होती. बाहेरून हे दिसणारं नव्हतं. पण पातं धरून मूठ नुसती हलवून पाहिली असती तर हाताला कळलं असतं. मी पाहिली नाही. कड बघितली, मूठ बघितली नाही.

पात्याचा मुठीत जाणारा भाग, त्याला आम्ही शेपटी म्हणतो, तो पात्याचाच हवा. एकाच लोखंडातून निघालेला, रुंद, कुठेही सांधा नसलेला. जुन्या तलवारींत ही शेपटी मुठीत लाख तापवून पक्की बसवत. फिरंगीसारख्या सरळ पात्याच्या तलवारीला तर मुठीपासून दोन्ही अंगांनी पट्ट्या येतात, त्या पात्याला रिव्हेट करतात. २०२५ साली राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार फिरंगच आहे. तिचं पातं युरोपातलं, मूठ इथली. त्या मुठीला मुल्हेरी धाटणीची म्हणतात, आणि मुल्हेरचा किल्ला आपल्याच जिल्ह्यातल्या बागलाणात आहे. त्या काळच्या कारागिरांनी मुठीवर एवढी मेहनत घेतली ती फक्त नक्षीसाठी नव्हे.

धातूचंही तसंच. मुलं विचारतात, पोलाद आहे की नाही कसं ओळखायचं? मी त्यांच्या हातात बारीक कानस देतो. मुठीच्या जवळ, जिथे धार नको असते तिथे, हलक्या हाताने एकदा ओढायला सांगतो. पाणी पाजलेलं, म्हणजे लालभडक तापवून एकदम थंड करून कडक केलेलं पोलाद असेल तर कानस घसरते किंवा जेमतेम चावते. साधं मऊ लोखंड असेल तर पहिल्याच ओढीला चंदेरी भुगा पडतो. बाजारातल्या शोभेच्या कितीतरी तलवारी या दुसऱ्या जातीच्या असतात, वर क्रोमचा मुलामा चढवलेल्या. त्यांना धार लावली की मुलामा उडतो आणि पहिल्याच केळीच्या खांबावर कड दुमडते. स्टेनलेसचं लांब पातं तर जास्तच फसवं. सुरीला उत्तम, पण तीन फुटांच्या पात्याला झटका बसला की ते तडकू शकतं. खरोखर वापरायची तलवार स्प्रिंगच्या पोलादाची, ट्रकच्या पाट्याला असतं त्या जातीची. पाणी पाजून, मग बेताने पुन्हा तापवून चिवट केलेली. वाकवली तरी परत सरळ होणारी.

आणि अशी तलवार असली तरी ती बेंच ग्राइंडरवर धरू नका, हे माझं हात जोडून सांगणं आहे. ठिणग्या उडतात, बघणाऱ्याला मजा वाटते. पण कडेवर निळी झाक आली की त्या जागेचं पाणी उतरलं म्हणून समजा. तो निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो. एमरी कापडाने निळं पुसून निघतं, उतरलेलं पाणी मात्र परत येत नाही. मी धार हातानेच लावतो. दगड ओला, आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००. एका बाजूला २० ते २५ अंशांचा कल. वस्तऱ्यासारखी पातळ कड तलवारीला कामाची नाही. मसुराच्या दाण्यासारखी दोन्हीकडून थोडी फुगीर हवी, म्हणजे घावाखाली टिकते. एका तलवारीला माझ्या दोन संध्याकाळी जातात. मुठीकडचा वीतभर भाग मी बोथटच ठेवतो. केळीचा खांब कापून झाला की पातं लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. केळीचा चीक तासाभरात काळे डाग पाडतो. चामडी म्यानात तलवार ठेवून देऊ नका, आपल्या पावसाळ्यात ती आतल्या आत गंजते.

सिंहस्थ येतो आहे. आखाड्यांच्या भाल्यांची पूजा आणि स्नान पाहून मुलांना भाल्याचीही ओढ लागणार. भाल्याचं फाळ ज्या खोबणीत दांडा घेतं ती खोबणी आधी बघा. नुसती ठोकून बसवलेली नको, आरपार रिव्हेट हवा. दांडा भरीव वेळूचा. टोक सुईसारखं केलं तर पहिल्याच फेकीत वाकतं.

कायद्याबद्दल मुलांच्या मनात मोठा गैरसमज आहे. "शोभेची आहे, चालतं." शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येतून, निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वस्तू सोडल्या तर, सुटतात ती फक्त अशी खेळणी, ज्यांचं कामाच्या शस्त्रात रूपांतर होऊच शकत नाही. तलवारीला धार लावणं म्हणजे नेमकं ते रूपांतर. २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, भाले, खंजीर यांचा शस्त्रांत स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र घेऊन फिरायला मनाई करणारे आदेश निघतात. मिरवणुकीत एका फोटोसाठी धारदार तलवार उंचावणाऱ्या मुलावर गुन्हा नोंदला गेला तर पुढे नोकरीच्या चौकशीत तो त्याला आडवा येतो. म्हणून खेळ सादर करण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी विचारा.

मला मर्दानी खेळ बंद पडायला नको आहे. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुली किती आनंदल्या होत्या, ते मी पाहिलं आहे. पथकांना माझी विनंती एवढीच: सरावाच्या आणि मिरवणुकीच्या सगळ्या तलवारी बोथट ठेवा, कड दोन मिलिमीटर जाड आणि गोल. लिंबू किंवा केळीचा खांब कापून दाखवायचा असेल तर धारेचं एकच शस्त्र ठेवा. पक्क्या शेपटीचं, रीतसर परवानगीचं, वस्तादांच्या ताब्यातलं. प्रेक्षक दोरीमागे, आणि लहान मुलं पहिल्या रांगेत नकोत. विक्रेत्यांनीही "ही फक्त भिंतीवर लावायची" असं तोंडाने सांगावं, निदान चिठ्ठीवर लिहावं.

ती कापलेली मूठ माझ्या टेबलावर असते. दारात येणाऱ्या मुलांना आधी ती हातात देतो. मग त्यांच्याच तलवारीचा नट पान्याने सोडवून आत काय आहे ते त्यांना पाहू देतो. गेल्या रविवारी आलेल्या चार तलवारींपैकी तिघींत तसाच गज निघाला. मुलं काही बोलली नाहीत. त्या तीन तलवारींची कड मी तिथेच गोल करून दिली. या कामाचे मी पैसे घेत नाही.

आपला,
एक निवृत्त ग्राइंडर, इंदिरानगर, नाशिक