गुडिसन पार्क पाडले नाही, ही खरी बातमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिव्हरपूलमधल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख आवडला. मर्सी नदीकाठची जुनी गोदी वाळूने भरून तिथे जवळपास 53,000 आसनांचे स्टेडियम कसे उभे राहिले, हे त्यात छान सांगितले आहे. किनाऱ्यावरच्या अशा बांधकामांपायी लिव्हरपूलने 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले स्थान गमावले, याचीही नोंद आहे. क्लबच्या जुन्या मैदानाच्या, गुडिसन पार्कच्या, वाट्याला मात्र एकच ओळ आली, तीही निरोपाची. माझ्या मते खरी बातमी तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये क्लबने घर बदलले की जुने मैदान संपते. मँचेस्टर सिटीने 2003 मध्ये मेन रोड सोडले, आता तिथे घरे आहेत. आर्सेनलच्या हायबरीत सदनिका झाल्या. वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कचीही तीच गत. गुडिसन पाडून तिथे घरे आणि इतर सोयी उभारायची योजनाही तयार होती. पण मे 2025 मध्ये, पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना तोंडावर आलेला असताना, क्लबने तो बेत सोडला आणि मैदान महिला संघाला दिले. हा संघ तोवर वॉल्टन हॉल पार्कमधल्या जेमतेम दोन हजारांच्या मैदानावर खेळत होता.

हा निर्णय मला इतका मोलाचा वाटतो, त्याला याच मैदानाचा इतिहास कारण आहे. 26 डिसेंबर 1920 रोजी गुडिसनवर डिक कर लेडीज आणि सेंट हेलेन्स लेडीज यांचा सामना झाला. प्रेस्टनमधल्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींचा तो डिक कर संघ. सामना मदतनिधीसाठी होता. सुमारे 53,000 प्रेक्षक आत होते आणि हजारोंना जागा न मिळाल्याने परतावे लागले. वर्ष सरायच्या आत, डिसेंबर 1921 मध्ये, इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. बंदी उठायला जवळपास 50 वर्षे गेली. ‘महिला फुटबॉलला प्रेक्षकच नाहीत’ असे आजही सहज बोलले जाते, तेव्हा हे आठवून मला राग येतो. प्रेक्षक होते. मैदाने काढून घेतली गेली.

मैदान चांगले नसेल तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी 2023 मध्ये चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्या महिला संघांचा सामना मैदान गोठल्यामुळे सहाव्या मिनिटालाच सोडून द्यावा लागला.

आता खरी काळजी पुढची आहे. गुडिसनची क्षमता 39,000 च्या वर. इतक्या जागा महिला लीगच्या नेहमीच्या सामन्याला भरणार नाहीत, आणि जुन्या स्टँडची देखभाल खर्चिक असते. वरचे मजले बंद ठेवणे हा तात्पुरता उपाय झाला. पुढे एखादा स्टँड उतरवावा लागला तरी माझी हरकत नाही, हिरवळ मात्र हलू नये. खेळाडूंच्या खोल्या, स्वच्छतागृहे, लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांची सोय हे सारे नव्याने आखायला हवे. अमेरिकेत कॅन्सस सिटीने 2024 मध्ये महिला संघासाठीच 11,500 आसनांचे स्टेडियम बांधले. गुडिसनला आकार देताना क्लबने ते जरूर पाहावे.

आपल्याला एक विनंती. एव्हर्टनच्या पुरुष संघाचे निकाल आपण नियमित छापता. महिला संघाचे गुडिसनवरचे सामनेही, प्रेक्षकसंख्येसह, त्याच पानावर द्यावेत. ते मैदान पुन्हा कसे भरत जाते, हे आम्हा वाचकांना आठवड्यागणिक कळू द्या.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक