राजीनामा पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

रात्री दीडला पाठवलेला तुझा राजीनाम्याचा मसुदा सकाळी वाचला. भाषा झकास जमलीय, पण तो पाठवू नकोस. तुझा नोटिस पीरियड तीन महिन्यांचा. ज्या मॅनेजरला तू त्यात ‘खोटारडा’ म्हटलंयस, त्याच्याच स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, तोवर हजेरी लावायचीय.

प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, चुकीची स्क्रिप्ट चालली, डेटा गेला आणि मॅनेजरने भरल्या कॉलवर तुझं नाव घेतलं. राग येणारच. पण ती स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालू कशी शकली, हे त्या कॉलवर कोणीच विचारलं नाही. तूही नाहीस.

गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रॅमर कोड ठेवतात त्या वेबसाइटचं, प्रकरण आठवतंय? ३१ जानेवारी २०१७. डेटाबेसचं रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरवरचा डेटा दुय्यम सर्व्हरवर उतरवत राहणं) अडकलं म्हणून एक इंजिनिअर रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला बसला आणि कमांड दिली मुख्य सर्व्हरवर. दोनेक सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर तो रिकामा! बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता. त्याच्या सूचनेचे मेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ताच नाही. शेवटी कामी आली ती कोणीतरी टेस्टिंगसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत. मधल्या तासांतल्या सुमारे ५,००० प्रोजेक्ट्सच्या डेटाबेसमधल्या नोंदी आणि सुमारे ७०० नवी खाती गेलीच. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि पुढच्या महिन्यात सविस्तर अहवाल छापला. त्यात ‘असं का झालं’ हा प्रश्न एकामागून एक विचारत नेलाय. ही मूळची टोयोटाच्या कारखान्यातली रीत. त्या इंजिनिअरची नोकरी शाबूत राहिली.

तुझी कंपनी गिटलॅब नाही, माहितेय. म्हणूनच तसा अहवाल तू लिही, कोणी सांगायची वाट न बघता. दोन पानं पुरेत. किती वाजता काय झालं ते क्रमाने, लॉगमधून उचलून. नाव कोणाचंच नको, मॅनेजरचं तर मुळीच नको. ‘डिप्लॉय करणारी व्यक्ती’ एवढंच. मग कारणं: स्टेजिंग (चाचणीची सिस्टिम) आणि प्रॉडक्शनचा पासवर्ड एकच का होता, स्क्रिप्टला दुसऱ्या कोणाचा रिव्ह्यू का नव्हता, बॅकअपवरून रिस्टोअर शेवटचं कधी करून पाहिलं होतं. शेवटी मागण्या दोनच ठेव. दहा मागण्या लिहिल्यास तर त्या बॅकलॉगमध्ये कुजतील.

हा कागद ग्रुपवर टाकू नकोस. आधी मॅनेजरला एकट्याला दाखव. त्यालाही वरून झापलेलं असणार. क्लायंटपुढे ठेवायला काहीतरी मिळालं तर त्याला ते हवंच असेल. कॉलवर नाव घेतल्याचा विषय मात्र यात मिसळू नकोस. तो वेगळा काढ, समोरासमोर आणि थोडक्यात: “सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं ते मला लागलं. पुढच्या वेळी आधी माझ्याशी बोला.” तेवढं बोलून गप्प बस. पुढची शांतता त्याला भरू दे. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य तोंडातून गेलं की तो बचावाच्या पवित्र्यात जाणार आणि आपण मूळ मुद्द्याला मुकणार. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाक, काय ठरलं त्याचा. अप्रेझलच्या वेळी हीच गोष्ट निघाली तर तो मेल तुझ्या कामी येईल.

आणि हे सगळं करूनही त्याने कागद बाजूला सारला, पुन्हा चारचौघांत झापलं, तर खुशाल सोड. तिथे सहनशीलता दाखवून कोणी बढती देत नाही. फक्त दुसरं ऑफर लेटर हातात पडल्यावर, आणि राजीनामा तीन ओळींचा.

शुक्रवारपर्यंत टाइमलाइन लिहून मला पाठव. लॉगमधले आकडे तेवढे नीट तपास, बाकी भाषेची काटछाट मी करतो. वहिनींना नमस्कार सांग आणि आज तरी लॅपटॉप अकराला बंद कर.

तुझाच,
जुना रूममेट